नोकरी सांभाळून कारभाराचा अभ्यास

सांगलीकडच्या देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १ मे १९६२ रोजी, जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावची शाळा, दवाखाना, रस्ता यांचा कारभार जिल्ह्याच्या हाती आला. कारकुनाला नियम पाठ असतो. पण तो कशासाठी, हे ठाऊक नसले की म्हातारीचा अर्ज टेबलावरच पडून राहतो.

हे ज्ञान नोकरी न सोडता मिळते. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ ही वाट घालून दिलीच आहे. यशवंतरावांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला निघाले. तिथे लोकप्रशासन घरी राहून शिकता येते. मात्र अंदाजपत्रकाचा धडा वाचताना आपल्या ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक शेजारी ठेवा. पैसा कशावर गेला, हे ग्रामसभेत सरळ सांगता आले, म्हणजे अभ्यास झाला म्हणायचा!