ध्वनिवर्धकातील घरघर : कारणाचा शोध

बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून स्वतःच्या हाताने अँप्लिफायर जोडणे, हा पुण्यातील विज्ञानप्रेमी विद्यार्थ्यांचा आवडता उद्योग आहे. जोडणी पूर्ण होते, दिवा लागतो. पण स्पीकरमधून आवाजाआधी घरघरच ऐकू येते. वसतिगृहाच्या सभागृहात या घरघरीमुळे मागच्या रांगेतील मुलापर्यंत वक्त्याचे शब्द पोहोचत नाहीत. तिचे कारण कसे शोधावे, हे आम्ही येथे क्रमाने मांडत आहोत.

अँप्लिफायरला हवा आवाज आणि नको आवाज यांतील भेद कळत नाही. ‘टीडीए २०३०’ ही आयसी नेहमीच्या जोडणीत आत आलेला संकेत सुमारे तीसपट मोठा करते. त्याबरोबर शिरलेली घरघरही तितकीच वाढते. म्हणून दोष कोठे शिरतो, हे आधी ठरवावे. व्हॉल्यूम पूर्ण कमी करावा. घरघर थांबली, तर कारण व्हॉल्यूम कंट्रोलच्या अलीकडे, म्हणजे माईक, त्याची वायर किंवा प्रीअँप्लिफायर यांत आहे. ती तशीच राहिली, तर कारण पुढच्या भागात किंवा वीजपुरवठ्यात आहे. या एका चाचणीने निम्मे काम हलके होते.

त्यानंतर आवाजाची जात ओळखावी. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे. खोल, संथ गुणगुण बहुधा या ५० हर्ट्झची असते. माईकची वायर शील्डेड नसणे, शील्डचा सांधा सुटलेला असणे किंवा ती वायर ट्रान्सफॉर्मरजवळून जाणे, ही तिची नेहमीची कारणे होत. चार डायोडच्या रेक्टिफायरनंतर मात्र १०० हर्ट्झचे तरंग उरतात. त्यांचा आवाज अधिक कर्कश असतो. येथे फिल्टर कपॅसिटर तपासावा. १ अँपिअर प्रवाह वाहत असता १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवरील दाब दोन तरंगांच्या मधल्या काळात सुमारे १० व्होल्टपर्यंत घसरू शकतो. ४७०० मायक्रोफॅरडचा असल्यास ही घसरण सुमारे २ व्होल्टच राहते. जुना कपॅसिटर आतून सुकला, तरी हाच दोष उद्भवतो.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर झाली, तर कंट्रोलमध्ये धूळ साचलेली असते. पेटीवर टिचकी मारताच आवाज बदलला, तर ड्राय सोल्डर शोधावे. शीळ येत असल्यास आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या वायरी एकमेकींपासून दूर कराव्यात. ठरावीक लयीतील टरटर जवळच्या मोबाईलची असू शकते. तो दूर नेऊन पाहावा.

दुर्बळ संकेत गोंगाटापासून आरंभीच जपावा लागतो, हे तत्त्व आपल्याच जिल्ह्यात फार मोठ्या प्रमाणावर पाळलेले दिसते. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी जागा निवडताना परिसरातील रेडिओ गोंगाट कमी असणे हा महत्त्वाचा निकष होता. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. आपल्या माईकच्या वायरीलाही तोच न्याय लागू आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अँप्लिफायर आणि त्याला जोडलेला संगणक दोघेही निरनिराळ्या ठिकाणी अर्थ केलेले असतील, तर अर्थिंगचे दोन मार्ग मिळून एक वेटोळे तयार होते आणि त्यातून घरघर येते. अशा वेळी प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, घरघर थांबतेही. परंतु पुढे ट्रान्सफॉर्मरचे आवरण निकामी झाले, तर २३० व्होल्ट थेट धातूच्या पेटीवर आणि तेथून हातातील माईकवर येऊ शकतात. अर्थिंग असते, तेव्हा फ्यूज उडतो. नसते, तेव्हा प्रवाह माणसाच्या शरीरातून वाट काढतो. म्हणून तिसऱ्या पिनेला कधीही हात लावू नये. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर जोडावीत, पेटीतील अर्थच्या वायरी एकाच बिंदूवर आणाव्यात. तेवढ्याने भागले नाही, तर संकेताच्या वायरीत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा.

पेटी उघडण्यापूर्वी प्लग काढावा आणि मोठे कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करावेत. विद्यार्थी काम करीत असता जाणते मोठे माणूस जवळ असावे. एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम वहीत टिपावा आणि मगच पुढे जावे. अनेक बदल एकदम केल्यास घरघर थांबली, तरी ती कशाने थांबली हे कळत नाही; पुढच्या वर्षी तोच अँप्लिफायर हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र ती वही उपयोगी पडेल.