ड्रॅगन जेवत नाहीये? आधी त्याची शी बघा!

कालपर्यंत तुमची चाहूल लागली की काचेवर पंजे मारणारा तुमचा बिअर्डेड ड्रॅगन आज दगडावर डोळे मिटून पडलाय. समोरून रातकिडा गेला तरी मान वळवत नाही. शी पातळ झालीय आणि तिचा वास... आईने तर सरळ फर्मान काढलंय, ‘त्या सरड्याचं काहीतरी कर, नाहीतर मी करते!’ मग तुम्ही मोबाइल उघडता, पाच व्हिडीओ बघता आणि पाच जण पाच वेगळी औषधं सांगतात.

मोबाइल जरा बाजूला ठेवा. अशा वेळी बऱ्याचदा दुखणं आतड्यात असतं. जंत, म्हणजे पोटातले परजीवी. वेळेत कळलं तर यातून बहुतेक ड्रॅगन बरे होतात. उशीर झाला किंवा अंदाजाने औषध दिलं, तर मात्र कठीण. सरपटणारे प्राणी आजार लपवण्यात पटाईत असतात. जंगलात अशक्त दिसणारा आधी शिकार होतो, म्हणून अंगात जोर आहे तोवर ते काही दाखवत नाहीत. तो पडून आहे हे तुम्हाला दिसलं, याचा अर्थ आजार बहुधा बरेच दिवस आत शिजत होता.

आळस की आजार?

थंडीत काही ड्रॅगन आपणहून सुस्तावतात, कमी खातात, जास्त झोपतात. त्यात काळजीचं कारण नसतं. पण तेव्हा वजन फारसं घटत नाही आणि जुलाबही होत नाहीत. वजन घटतंय, शेपटीचं बूड बारीक झालंय, डोळे खोल गेलेत, शी पातळ आणि भयंकर वासाची आहे, दाढी सारखी काळी पडतेय, यातलं काही असेल तर तो झोपाळू नाही, आजारी आहे. शीमधला पांढरा भाग बघा. तो पिवळसर आणि खडूसारखा कडक असेल, तर अंगातलं पाणी कमी झालंय.

म्हणूनच स्वयंपाकघरातल्यासारखा, पण वेगळा (आईचा नाही!) डिजिटल वजनकाटा घ्या आणि दर आठवड्याला ग्रॅममध्ये वजन लिहून ठेवा. ‘बारीक वाटतोय’ यापेक्षा ‘तीन आठवड्यांत ४० ग्रॅम घटला’ हे डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगून जातं.

डबी घ्या आणि निघा

ताजी शी स्वच्छ डबीत किंवा झिपच्या पिशवीत घ्या. लगेच जाता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. डबी दुसऱ्या पिशवीत गुंडाळून, वर नाव लिहून, खाण्याच्या वस्तूंपासून लांब ठेवा, नाहीतर घरात दुसरंच महाभारत. २४ तासांच्या आत ती डॉक्टरांकडे पोहोचली पाहिजे. कोपऱ्यावरचे व्हेट कुत्र्या-मांजरांचेच असतील तर त्यांनाच विचारा, ‘एक्झॉटिक प्राणी कोण बघतं?’ लोकलने तासभर लांब जावं लागलं तरी जा.

तिथे शी मायक्रोस्कोपखाली बघतात. साधारणपणे तीन मंडळी सापडतात. पिनवर्म नावाचे बारीक जंत, शेपटीसारख्या धाग्याने पोहणारे एकपेशीय फ्लॅजेलेट आणि कॉक्सिडिया. गंमत म्हणजे थोडेसे पिनवर्म किंवा फ्लॅजेलेट धडधाकट ड्रॅगनच्या पोटातही असू शकतात. त्यामुळे रिपोर्टमध्ये नुसतं नाव आलं म्हणून औषध द्यायचं असं नसतं. किती आहेत आणि प्राण्याला त्रास होतोय का, हे बघून डॉक्टर ठरवतात.

औषधही प्रत्येकाला वेगळं. पिनवर्मसाठी बहुधा फेनबेंडाझोल, कॉक्सिडियासाठी टोल्ट्राझुरिलसारखं औषध, फ्लॅजेलेटसाठी मेट्रोनिडाझोल. नावं कळली म्हणून मेडिकलमध्ये पळू नका. डोस ग्रॅमच्या हिशेबाने ठरतो आणि शेजारच्या लॅब्रॅडॉरच्या जंताच्या गोळीचा ‘छोटासा तुकडा’ चारशे ग्रॅमच्या जिवाला विष ठरू शकतो. शिवाय जंताच्या औषधाने जंत मेले तरी सगळी अंडी मरतीलच असं नाही. म्हणून ठरावीक दिवसांनी पुन्हा डोस द्यावा लागतो. पहिल्या डोसनंतर ‘खायला लागला की!’ म्हणून दुसरा चुकवणं हीच आपली नेहमीची चूक.

अर्धा इलाज पेटीत

कॉक्सिडियाचा खेळ समजून घ्या. त्यांची अंड्यांसारखी रूपं शीमधून बाहेर पडतात, पेटीत पिकतात आणि ड्रॅगनने काही चाटलं की पुन्हा पोटात जातात. म्हणजे औषध चालू आणि पेटी घाण, तर तुम्ही एका हाताने बादली भरताय आणि दुसऱ्या हाताने ओतताय.

म्हणून वाळू, भुसा, शोभेची लाकडं, सगळं बाहेर. तळाशी साधा कागद आणि तो रोज बदलायचा. शी दिसली की लगेच उचलायची. फिनेल नको. सरपटणाऱ्या प्राण्यांना ते घातक आणि कॉक्सिडिया त्याला दादही देत नाहीत. ड्रॅगनला बाहेर काढून भांडी उकळत्या पाण्याने धुवा, पेटीला वाफ द्या आणि सगळं गार, कोरडं झाल्यावरच त्याला आत सोडा. उरलेले रातकिडे पेटीत ठेवू नका. ते शीवरून फिरतात आणि तेच पुन्हा त्याच्या तोंडात जातात.

ऊब, पाणी, मग जेवण

हा प्राणी मूळचा मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला. अंगाची ऊब तो बाहेरून घेतो. ऊब नसेल तर अन्न पचत नाही आणि शरीर आजाराशी नीट लढूही शकत नाही. दिव्याखालची जागा ३८ ते ४२ अंश सेल्सिअस हवी आणि सावलीची बाजू पंचविशीच्या आसपास. हाताने अंदाज नको, थर्मामीटर लावा. आपल्याकडे पावसाळ्यात तर दुहेरी संकट. हवेत ओल आणि मध्येच लाइट गुल! त्या दिवसांत पेटीत हवा खेळती ठेवा, पाण्याचं भांडं लहान करा.

डॉक्टरांनी हो म्हटलं तर कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसवा. पाणी त्याच्या कोपरापर्यंतच, आणि तुम्ही तिथेच थांबायचं. टब त्याचा वेगळा. नंतर कोरडं करून दिव्याखाली. तोंड उघडून कोंबाकोंबी करू नका. थंड, कोरड्या पडलेल्या पोटात अन्न पचत नाही, उलट त्रास वाढतो. खायला लागला की थोडं थोडं, किसलेला लाल भोपळा, एखाद-दोन किडे.

बागेतले किडे पकडून देऊ नका, त्यांच्यावर फवारणी असते, पोटात जंतही असतात. आणि जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलात तर गंमत म्हणूनही काजवा घरी आणू नका. अमेरिकेत काजवे खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत.

आणि स्वतःकडेही बघा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शीत साल्मोनेला असू शकतो. हात साबणाने धुवा, त्याची भांडी किचनच्या सिंकमध्ये नकोत, घरातल्या बाळाला आणि आजी-आजोबांना त्यापासून लांब ठेवा.

बरा झाला, हे ठरवणार कोण?

तुम्ही नाही, मायक्रोस्कोप. औषधं संपल्यावर डॉक्टर सांगतील त्या दिवशी पुन्हा डबी घेऊन जायचं. रिपोर्ट ठीक आणि वजन वर, तर जिंकलात. नवा प्राणी आणलात तर शी तपासेपर्यंत वेगळ्या पेटीत आणि वेगळ्या भांड्यांत.

कधी सगळं करूनही तो वाचत नाही. वाईट वाटेल, वाटू द्या. पण ‘खर्च परवडत नाही, कंटाळा आला’ म्हणून त्याला टेकडीवर सोडून येणं म्हणजे सुटका नाही. तो तिथे उपासमारीने मरेल आणि जाता जाता इथल्या सरड्यांना आजारही देऊ शकेल. नाहीच जमत, तर डॉक्टरांना सांगा, नीट सांभाळणारं घर शोधा. हे सगळं वाचून कुणाच्या मनात ‘नको बाबा, आपण नाही घेणार’ आलं असेल, तर तोही शहाणपणाचाच निर्णय.

बाकीच्यांनी ही पुरवणी जपून ठेवा. वाचून झाली की पेटीच्या तळाशी घालायला उपयोगी पडेल. आम्ही अजिबात रागावणार नाही. फक्त उद्या बदला!