शिनेकॉक स्त्रियांची शैवालशेती

न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर शिनेकॉक या मूलनिवासी जमातीची छोटीशी राखीव भूमी आहे. सभोवती हॅम्प्टन्स येथील धनिकांची उन्हाळी निवासस्थाने. तेथील मैलाटाक्यांतून झिरपणारा आणि हिरवळीच्या खतांतून वाहून येणारा नायट्रोजन उपसागरात साचतो; त्यावर सूक्ष्म शैवाल माजते, पाण्यातील प्राणवायू घटतो, शिंपले मरतात. ज्या जमातीने पिढ्यान्‌पिढ्या या शिंपल्यांवर गुजराण केली, तिच्या वाट्याला परक्यांची घाण आली.

जमातीतील काही स्त्रियांनी शुगर केल्प नामक मोठ्या समुद्री शैवालाची शेती आरंभिली. समोरच्या तीरावरील ख्रिस्ती साध्वींच्या मठाने त्यांना जागा दिली. मठाच्या आवारात टाक्यांतील पाण्यात बारीक दोऱ्यावर बीजाणू रुजवायचे आणि थंडीच्या तोंडावर तो दोरा दोरखंडाला गुंडाळून उपसागरात सोडायचा. ऐन हिवाळ्यात गारठलेल्या पाण्यात उतरून निगा राखावी लागते. शैवाल वाढताना नायट्रोजन व कर्बवायू शोषून घेते. मात्र पाणी तापण्यापूर्वी, वसंताच्या अखेरीस, कापणी व्हावीच लागते; अन्यथा ते कुजून शोषलेला नायट्रोजन उपसागरालाच परत करील. या जमाखर्चात कापणीलाच खरे मोल आहे.

शैवाल अनंतकाय असल्याने जैन आहारात ते वर्ज्य. या स्त्रिया मात्र ते वाळवून बागांसाठी खत म्हणून विकतात. पलीकडच्या मैलाटाक्या अद्याप झिरपतच आहेत.