पैशांचे व्यवहार आणि हातांची स्वच्छता

कोहमारा येथील आपल्या रुग्णालयाच्या रोखपाल खिडकीवर नोटा, नाणी व बँकेची कार्डे दिवसभर हातोहात फिरत असतात. नोट अस्वच्छ आणि कार्ड स्वच्छ, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. कार्डही अनेक हातांतून जाते, आणि यंत्राची बटणे तर प्रत्येकजण दाबतो.

समुद्रपर्यटनाच्या जहाजांवर बहुधा एकच कार्ड खोलीची किल्ली म्हणून व खर्चाच्या नोंदीसाठी वापरतात. तेथे नोरोव्हायरसमुळे उलट्या-जुलाबाच्या साथी उद्भवतात. हा विषाणू अन्न-पाण्यातून, रुग्णाच्या सहवासातून, तसेच हातांवरून वस्तूंवर व वस्तूंवरून तोंडात जातो. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर त्यावर पुरेसे प्रभावी ठरत नाही. साबण व पाणीच उपयोगी पडते.

रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून पिनशिवाय होणाऱ्या स्पर्शविरहित कार्ड व्यवहाराची मर्यादा २,००० वरून ५,००० रुपये केली. अशा व्यवहारात कार्ड धारकाच्याच हाती राहते. त्याहून मोठ्या रकमेसाठी मात्र बटणे दाबावीच लागतात.

पैसे भरून परतणारा हातच रुग्णाला घास भरवतो, याचे स्मरण असावे. म्हणून आप्तेष्टांना नम्र विनंती, की नोटा थुंकी लावून मोजू नयेत आणि रुग्णाजवळ जाण्यापूर्वी साबणाने किमान २० सेकंद हात धुवावेत. देणगीदार व विश्वस्तांनीही हे ध्यानी घ्यावे, की नव्या यंत्राइतकीच वाहत्या पाण्याच्या नळाची व साबणाची तरतूद मोलाची आहे. जमा-खर्च वहीत दिसतो. टळलेला आजार मात्र कोणत्याही वहीत दिसत नाही.