२१४ कोटींची भिंत

८ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘बेसकॅम्प’ ही अमेरिकी ऑनलाइन सेवा जवळपास पाच तास अडकून पडली. ग्राहकांना जुना मजकूर वाचता येत होता, नवा अवाक्षरही लिहिता येत नव्हता. सायबर हल्ला नव्हता, यंत्रेही शाबूत होती. एका टेबलातले क्रमांक तेवढे संपले होते. डेटाबेसमधल्या प्रत्येक नोंदीचा एकमेव ओळखक्रमांक म्हणजे प्रायमरी की. ती ३२ बिटांच्या साध्या इंटिजरमध्ये ठेवली की २,१४,७४,८३,६४७ ला गाडी थांबते.

एवढ्या नोंदी आपल्याकडे कशाला होतील, असे नवे टेबल बांधताना हमखास म्हटले जाते. पण मोजायचे असतात ते खर्ची पडलेले क्रमांक. नोंदी त्याहून कितीतरी कमी असू शकतात. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत व्यवहार रद्द झाला तरी त्याने उचललेला क्रमांक परत येत नाही, आणि आधीपासून असलेली नोंद पुन्हा घालू पाहणारी आज्ञाही एक क्रमांक गिळते. काही लाख नोंदींचे टेबलही असे भिंतीला टेकू शकते. ऋण आकडे वगळून मर्यादा ४२९ कोटींवर नेण्याची सोय मायएसक्यूएल या दुसऱ्या प्रणालीत आहे, पण ती नुसती मुदतवाढ. ६४ बिटांचा बिगइंट मात्र सेकंदाला १० लाख क्रमांक उधळले तरी सुमारे २ लाख ९२ हजार वर्षे पुरेल.

जागेचा आक्षेप अधिक वजनदार आहे. चाराऐवजी आठ बाइट, म्हणजे १०० कोटी नोंदींमागे ४ जीबी जादा. इंडेक्समध्ये आणि जोडलेल्या टेबलांत तीच की पुन्हा लिहिली जाते, ते वेगळेच. राज्यांच्या यादीसारख्या न वाढणाऱ्या टेबलाला म्हणूनच छोटा प्रकार खुशाल द्यावा. वाढत्या टेबलात मात्र ही काटकसर महागात पडते. पोस्टग्रेसमध्ये चार बाइटांच्या कीनंतर लगेच आठ बाइटांचा वेळेचा कॉलम आला, तर मधले चार बाइट रिकामेच सोडले जातात, वाचले काय? आणि भरल्या टेबलात प्रकार बदलायचा तर ते अख्खे नव्याने लिहावे लागते, तोवर त्याला कुलूप. शिवाय त्या कीकडे बोट दाखवणारा प्रत्येक कॉलम शोधून रुंद करावा लागतो. ‘स्लॅशडॉट’ या तंत्रज्ञानविषयक बातम्यांच्या संकेतस्थळाने प्रतिक्रियांच्या टेबलातली की वेळीच रुंद केली होती, पण कोणती प्रतिक्रिया कोणाला उत्तर आहे हे सांगणारा क्रमांक २४ बिटांतच राहून गेला. नोव्हेंबर २००६ मध्ये प्रतिक्रिया १,६७,७७,२१६ च्या पुढे गेल्या आणि उत्तरांची साखळी तिथेच तुटली.