नारळ आहे, पण खायचा नाही!

मैत्रिणींनो, 'बिकिनी' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं, ते सांगायला नको! पण बिकिनी हे मुळात प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांपैकी एका प्रवाळबेटाचं नाव. जुलै १९४६मध्ये अमेरिकेने तिथे अणुबॉम्बची चाचणी केली आणि त्याच आठवड्यात पॅरिसमध्ये पोहण्याच्या एका नव्या पोशाखाला हे नाव मिळालं. नाव जगभर गेलं, बेटावरची माणसं मात्र कुणाच्या लक्षात राहिली नाहीत.

चाचणीआधी तिथल्या १६७ रहिवाशांना 'मानवजातीच्या भल्यासाठी' म्हणून दुसऱ्या बेटावर हलवलं गेलं. १९५८पर्यंत बिकिनी आणि एनेवेटाक परिसरात ६७ चाचण्या झाल्या. त्यातली १ मार्च १९५४ची 'ब्राव्हो' हिरोशिमाच्या बॉम्बच्या सुमारे हजारपट! त्या दिवशी जवळच्या रोंगेलाप बेटावर पांढरी राख पडली. मुलं चक्क तिच्यात खेळली. लोकांना तिथून हलवलं ते दोन दिवसांनी.

पुढे 'आता धोका नाही' असं सांगून रोंगेलापच्या लोकांना १९५७मध्ये परत आणलं. बिकिनीवरही काही कुटुंबं परतली. बेट हिरवंगार, माड नारळांनी लगडलेले. पण मातीत सिझियम होतं. माडाची मुळं ते पोटॅशियमसारखंच शोषून घेतात. तिथून ते शहाळ्यात, खोबऱ्यात आणि शेवटी माणसाच्या अंगात. बिकिनीकरांच्या शरीरात त्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि १९७८मध्ये त्यांना पुन्हा घर सोडावं लागलं. जेवणात रोज नारळ असणाऱ्या घरातल्या बाईने मग रांधायचं तरी काय?

ब्राव्होच्या वेळी आठ वर्षांची असलेली रोंगेलापची लिजॉन एक्निलांग १९९५मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर उभी राहिली. आपला गर्भपात सात वेळा झाल्याचं तिने सांगितलं. बेटावर विकृत बाळं जन्माला येत. पण असं मूल म्हणजे बाईच्या व्यभिचाराची खूण, अशी तिथली समजूत. त्यामुळे बाया गप्प राहत. बॉम्ब कुणी टाकला आणि दोष कुणाच्या माथी! हे आपल्यालाही काही नवं नाही.

तिथे जमिनीचा हक्क आईकडून चालत येतो. बेट सुटणं म्हणजे लेकींचा वारसाच सुटणं. तरीही १९८५मध्ये रोंगेलापकरांनी मुलांसाठी 'रेनबो वॉरियर' जहाजातून आपलं बेट सोडलं.

हे सगळं जुनं झालं, असं म्हणावं तर तसंही नाही. एनेवेटाकमधल्या रुनित बेटावर बॉम्बनेच पडलेल्या खड्ड्यात किरणोत्सारी माती भरून वर काँक्रीटचा घुमट बांधलाय. खड्ड्याला खालून अस्तरच नाही! आणि समुद्राची पातळी तर वाढतेय...

'सुरक्षित आहे' म्हणणारे निघून जातात, चूल मात्र तिथल्याच बाईला पेटवावी लागते. म्हणून सख्यांनो, आपल्या किनाऱ्यावर एखादा मोठा प्रकल्प येऊ घातला आणि जनसुनावणी लागली, की 'त्यातलं आपल्याला काय कळतंय' म्हणून घरी बसू नका. तिथे जा आणि एवढंच विचारा, 'आमचं पाणी, आमची मासळी, आमचा नारळ आणखी तीस वर्षांनी नातवंडांना खाऊ घालता येईल का? आणि नाही आला, तर जबाबदार कोण?' हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.