संगणकाचं नाव सापडत नाही, तेव्हा काय करावं?

शिक्षक आणि पालक मित्रहो, मुलं दोन-तीन जुने लॅपटॉप जोडून त्यांवर स्पार्कसारखं सॉफ्टवेअर चालवायला बघतात आणि सुरुवातीलाच 'अननोन होस्ट' असा संदेश येतो. मुलाला वाटतं, आपलाच प्रोग्रॅम चुकला. बऱ्याचदा तसं नसतं.

असं का होतं? प्रत्येक संगणकाला नाव असतं, पण निरोप पोहोचतो तो आकडी आयपी पत्त्यावर. मोठ्या कार्यालयात नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर असतो. घरच्या वायफायवर किंवा मोबाइल हॉटस्पॉटवर आपल्या लॅपटॉपचं नाव अनेकदा कुठल्याच यादीत नसतं. मूल वर्गात हजर, पण हजेरीपटात नाव नाही, तसंच हे!

आता उपाय पाहू. 'पिंग' वापरून आधी पत्ता तपासा, मग नाव. पत्ता उत्तर देतो आणि नाव देत नाही, तर अडचण नावाचीच. प्रत्येक लॅपटॉपच्या 'होस्ट्स' फाइलमध्ये सगळ्यांचे पत्ते आणि नावं लिहा. उबुंटूमध्ये स्वतःच्या नावाला बहुधा १२७.०.१.१ हा पत्ता दिलेला असतो. त्याचा अर्थ 'मी स्वतः', शेजारच्या लॅपटॉपला तो उपयोगाचा नाही. तिथे खरा पत्ता घाला. पत्ते बदलू नयेत म्हणून राउटरमध्ये राखून ठेवा. हॉटस्पॉटवर मात्र दर वेळी तपासा.

ही युक्ती जुनीच आहे. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडण्याआधी अर्पानेटवर नावांची अशीच एक फाइल वापरत.

तेव्हा मुलाला "तुझं चुकलं" म्हणण्याआधी ही फाइल एकदा त्याच्यासोबत उघडून बघा.